मेंदूच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया शक्य नसेल तेव्हा : कुटुंबाने निर्णय कसा घ्यावा

मुनिरका, नवी दिल्ली येथे मराठी भाषक कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर



आपल्यापैकी काही जण केंद्र सरकारच्या सेवेनिमित्त मुनिरका, रामकृष्णपुरम् या परिसरात वर्षानुवर्षे राहत आहेत. काही जण सातारा, लातूर, जळगाव अशा दूरच्या जिल्ह्यांतून आपल्या रुग्णाला घेऊन आले आहेत आणि येथे भाड्याची खोली घेऊन राहत आहेत. सकाळी मेट्रोने हौज खासला उतरून गाडी बदलायची, एम्सच्या बाह्यरुग्ण विभागात रांग लावायची आणि संध्याकाळी कागदपत्रांची पिशवी घेऊन परतायचे, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. अशाच एखाद्या दिवशी डॉक्टर सांगतात, "मेंदूत गाठ आहे; शस्त्रक्रिया करता येणार नाही." घरी परतताना कोणी बोलत नाही. रात्री मात्र गावाकडून एकामागून एक दूरध्वनी येऊ लागतात आणि प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो.

कोणता उपचार घ्यावा, हे मी आज सांगणार नाही. ते रुग्णाला तपासणारे डॉक्टरच सांगू शकतात. निर्णय कोणत्या क्रमाने आणि कोणते प्रश्न विचारून घ्यावा, एवढेच मला सांगावयाचे आहे. त्यातही एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. इतर बहुतेक कर्करोगांत रुग्णाची बुद्धी आणि वाचा दीर्घकाळ शाबूत राहते. मेंदूच्या कर्करोगात तशी खात्री देता येत नाही. म्हणून रुग्णाची इच्छा जाणून घेण्याचे काम पहिल्या काही दिवसांतच केले पाहिजे.

'शस्त्रक्रिया शक्य नाही' याचा अर्थ

गाठ मेंदूच्या देठात, खोलवरच्या भागात किंवा वाचा व हातापायांची हालचाल सांभाळणाऱ्या भागात असेल, अथवा मेंदूच्या दोन्ही बाजूंना पसरली असेल, तर ती काढताना गाठीपेक्षा अधिक हानी होण्याचा धोका असतो. कधी गाठीची जागा सोयीची असते. परंतु रुग्णाचे वय, हृदय किंवा फुप्फुसे शस्त्रक्रिया सहन करू शकणार नाहीत, असे दिसते. या दोन कारणांत फरक आहे. आपल्या रुग्णाच्या बाबतीत नेमके कारण कोणते, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

शस्त्रक्रिया शक्य नाही म्हणजे काहीच शक्य नाही, असा अर्थ कोणीही घेऊ नये. किरणोपचार, औषधे आणि त्रास कमी करणारी सेवा हे मार्ग उपलब्ध असतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेतील दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. एमआरआयची मूळ सीडी, अहवाल आणि औषधांची यादी बरोबर असली, की असे मत लवकर मिळते. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये देशभरातील कर्करोग रुग्णालये जोडलेली आहेत. त्यामुळे प्रत्येक मतासाठी रुग्णाला घेऊन दिल्ली किंवा मुंबई गाठावीच लागते, असे नाही. आपल्या जिल्ह्याजवळचे कोणते रुग्णालय या ग्रिडमध्ये आहे, याची चौकशी अवश्य करावी.

प्रथम निदान पक्के करा

एमआरआयमध्ये दिसणारा प्रत्येक डाग कर्करोगाचा नसतो. आपल्या देशात क्षयरोगाची गाठ आणि फीतकृमीच्या अळीमुळे होणारी गाठ मेंदूत आढळते. त्या दोहोंवर औषधे आहेत. लिम्फोमा नावाचा मेंदूचा एक कर्करोग असा आहे, की त्यात गाठ काढणे हा मुख्य उपचारच नसतो. तो औषधांनी आणि काही वेळा किरणोपचाराने आटोक्यात आणता येतो. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरला असेल, तर उपचार मूळ रोगाप्रमाणे बदलतात आणि काही रुग्णांना गोळ्यांच्या रूपातील विशिष्ट औषधे लागू पडतात.

यासाठी गाठ पूर्ण काढता आली नाही तरी कवटीला लहान छिद्र पाडून सुईने तुकडा घेता येईल का, हे विचारावे. हीच बायोप्सी. गाठ मेंदूच्या देठात असेल तर कधी कधी तीही धोक्याची ठरते; अशा वेळी डॉक्टर एमआरआयवरच भिस्त ठेवतात. तुकडा मिळाल्यास त्यावर आयडीएच आणि एमजीएमटी या चाचण्या होणार आहेत का, हेही विचारावे. पहिल्या चाचणीवरून रोगाचा प्रकार ठरतो. दुसरीवरून टेमोझोलोमाइड हे औषध किती उपयोगी पडेल, याचा अंदाज येतो.

उपचाराने काय मिळेल आणि काय द्यावे लागेल

ग्लायोब्लास्टोमा हा प्रौढांमधील मेंदूचा सर्वांत आक्रमक आणि वारंवार आढळणारा कर्करोग आहे. त्याच्या उपचाराची आजची पद्धत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासावर आधारलेली आहे. केवळ किरणोपचार घेतलेल्या रुग्णांचा मध्यम आयुष्यकाळ १२.१ महिने होता. किरणोपचाराबरोबर टेमोझोलोमाइड घेतलेल्यांचा १४.६ महिने. दोन वर्षांनंतर पहिल्या गटातील शेकडा सुमारे १०, तर दुसऱ्या गटातील शेकडा सुमारे २६ रुग्ण हयात होते. मध्यम आयुष्यकाळ म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी आणि निम्मे त्याहून अधिक जगले. आपल्या माणसाची तारीख या आकड्यात लिहिलेली नसते. मात्र हेही लक्षात ठेवावे, की त्या अभ्यासातील बहुतेक रुग्णांची गाठ पूर्णतः किंवा अंशतः काढलेली होती आणि त्यांचे वय ७० पर्यंतच होते. ज्यांची केवळ बायोप्सी झाली, त्यांना मिळणारा लाभ याहून कमी असतो.

पूर्ण किरणोपचार साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतो. वयाने मोठ्या किंवा अशक्त रुग्णांसाठी तीन आठवड्यांची पद्धत आहे. ६५ वर्षांवरील रुग्णांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या लघु किरणोपचाराला टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर मध्यम आयुष्यकाळ ७.६ महिन्यांवरून ९.३ महिन्यांवर गेला. फार अशक्त रुग्णांसाठी एकाच आठवड्यात पाच वेळा किरण देण्याची पद्धतही आहे. २०१५ सालच्या एका लहान अभ्यासात तीन आठवड्यांच्या पद्धतीशी तिची तुलना झाली, तेव्हा आयुष्यकाळात लक्षणीय फरक आढळला नाही. ज्या कुटुंबाला गावाहून येऊन खोली घेऊन राहावे लागते, त्याने तरी 'आमच्या रुग्णाला लघु पद्धत चालेल का?' हे विचारलेच पाहिजे.

फुप्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरला आहे आणि शस्त्रक्रिया शक्य नाही, अशा रुग्णांविषयी ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला स्टिरॉइड, आधारसेवा आणि संपूर्ण मेंदूवर किरणोपचार मिळाला. दुसऱ्या गटाला केवळ स्टिरॉइड आणि आधारसेवा. दोन्ही गटांच्या आयुष्यकाळात किंवा जीवनमानात मोठा फरक दिसला नाही. अधिक उपचार म्हणजे प्रत्येक वेळी अधिक लाभ, असे नसते.

बेव्हासिझुमॅब नावाच्या महागड्या इंजेक्शनाबद्दल अनेक जण विचारतात. त्याने मेंदूची सूज कमी होते आणि काही रुग्णांना आराम पडतो. परंतु नव्याने निदान झालेल्या ग्लायोब्लास्टोमात त्याने एकूण आयुष्य वाढते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसून आले नाही. केवळ या औषधासाठी शेतजमीन विकण्याचा विचार मनात आला, तर आधी डॉक्टरांशी पुन्हा एकदा शांतपणे बोलावे.

रुग्णाला विचारा, वेळेवर विचारा

"बाबांना काही सांगू नका, ते खचतील." हे वाक्य आपल्या घराघरांत बोलले जाते. त्यामागे प्रेमच असते. तथापि त्याचा परिणाम असा होतो, की ज्याच्या आयुष्याचा निर्णय घ्यायचा, त्यालाच त्यातून वगळले जाते. रुग्णाला पुष्कळदा आजाराची कल्पना आलेली असते. घरातील माणसे आपल्यासमोर बोलणे थांबवतात, हेही त्याच्या ध्यानात येते. आणि आजार वाढला, की शब्द सापडेनासे होतात, माणूस गोंधळतो, दिवसाचा बराच वेळ झोपून राहतो. तेव्हा विचारायचे म्हटले तरी उत्तर मिळत नाही.

समजा, ६८ वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. मुलगा मुनिरक्यात राहतो, मुलगी साताऱ्यात. गाठ खोलवर आहे, बायोप्सी झाली आहे. मुलाला वाटते, सहा आठवड्यांचा पूर्ण उपचार व्हावा. काही करायचे राहून गेले, असे नंतर वाटू नये. मुलगी म्हणते, "दादा, त्यांना घरी येऊ दे." दोघांत अबोला येतो. आई दोघांकडे पाहत राहते. या भांडणात बाबांचे मत कोणीच विचारलेले नसते. विचारले असते, तर ते कदाचित म्हणाले असते, "मला वाड्याच्या पडवीत बसायचे आहे, पण नातीच्या लग्नापर्यंत शुद्धीवर राहता येत असेल, तर तेवढा उपचार करा." या एका वाक्याने वाट सोपी होते. नातीचे लग्न तीन महिन्यांवर असेल, तर तीन आठवड्यांचा किरणोपचार, सूज उतरवणारे औषध आणि नंतर गावाकडे परतणे, असा मार्ग डॉक्टरांसमोर ठेवता येतो. दुसरा एखादा रुग्ण म्हणेल, "मला शक्य तितके दिवस हवेत, त्रास झाला तरी चालेल." तीही इच्छा तितकीच आदरणीय आहे. तीनुसार पूर्ण उपचाराची तयारी करावी.

विचारताना एकाच बैठकीत सर्व काही सांगण्याची गरज नसते. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, हे प्रथम विचारावे. "डॉक्टर काय म्हणाले, ते तुम्हाला सविस्तर सांगू का?" एवढा प्रश्न पुरेसा आहे. काही जण म्हणतात, "तुम्हीच बघा." तोही त्यांचा निर्णय आहे. मात्र मग त्यांच्या वतीने कोणी बोलायचे, हे त्यांच्याच तोंडून ठरवून घ्यावे. ती एक व्यक्ती डॉक्टरांशी बोलेल आणि घरातील इतरांना तेच सांगेल, अशी व्यवस्था केल्यास निम्मे गैरसमज टळतात.

त्रास कमी करणारी सेवा पहिल्या दिवसापासून

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजेच परिहार सेवा, ही उपचार संपल्यावर घ्यावयाची गोष्ट आहे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. ती किरणोपचाराच्या बरोबरीने, पहिल्या दिवसापासून घेता येते. डोकेदुखी, उलटी, फिट, निद्रानाश आणि भीती यांवरचे उपचार हे तिचे काम.

मेंदूच्या गाठीत डोकेदुखी प्रामुख्याने सुजेमुळे होते. ती सूज डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने उतरते आणि पुष्कळदा एक-दोन दिवसांत रुग्ण अधिक बोलू-चालू लागतो. यालाच कोणी रोग बरा झाला समजू नये. हे औषध मनाने बंद करू नये. डॉक्टरांच्या सांगण्यानुसार मात्रा हळूहळू कमी करावी लागते. त्याने रक्तातील साखर वाढते, मांड्या अशक्त होतात, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. टेमोझोलोमाइड चालू असताना ताप आला, तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

फिट आल्यास रुग्णाला एका कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे आणि किती वेळ झाला ते घड्याळात पाहावे. तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, पाणी पाजू नये, कांदा अथवा चप्पल हुंगवू नये. फिट पाच मिनिटांहून अधिक चालली किंवा शुद्ध न येता पुन्हा आली, तर तातडीने रुग्णालयात न्यावे.

वेदनेसाठी मॉर्फिनची गरज पडली, तर त्याची धास्ती घेऊ नये. वैद्यकीय देखरेखीखाली वेदनेसाठी दिलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाली, ती अशी औषधे रुग्णांना सुलभतेने मिळावीत याचसाठी.

दिल्लीत एम्सच्या डॉ. बी. आर. आंबेडकर इन्स्टिट्यूट रोटरी कर्करोग रुग्णालयात ही सेवा मिळते. कॅनसपोर्ट ही १९९६ साली स्थापन झालेली संस्था घरी येऊन रुग्णाची काळजी घेते. मुंबईत १९८६ साली वांद्र्यात सुरू झालेले शांती आवेदना सदन हे देशातील पहिले असे आश्रयस्थान. त्याची केंद्रे गोव्यात आणि दिल्लीतही आहेत. पुण्यात वारजे येथे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कार्यरत आहे. गावी परतण्यापूर्वी आपल्या जिल्हा रुग्णालयात ही सेवा कोण पाहते, याची चौकशी करून ठेवावी.

शेवटच्या आठवड्यांत रुग्ण कमी खातो. "आम्ही त्यांना उपाशी ठेवतो आहोत," या विचाराने घरच्यांना घास गोड लागत नाही. वास्तविक त्या अवस्थेत शरीराची अन्नाची गरजच ओसरलेली असते. बळेच भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. ओठ ओले ठेवणे, कूस बदलून देणे, जवळ बसून बोलणे हीदेखील शुश्रूषाच आहे.

खर्च आणि मदत

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना ते खुले झाले आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राष्ट्रीय आरोग्य निधीतून साहाय्य मिळू शकते. टेमोझोलोमाइड राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत आहे. त्याच औषधाचा कमी किमतीचा पर्याय मिळेल का, हे डॉक्टरांना विचारावे. उपचारासाठी रेल्वेने प्रवास करताना कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. या सर्व गोष्टींची माहिती रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक देतात. पैसे संपण्याची वाट न पाहता त्यांना पहिल्याच आठवड्यात भेटावे.

कर्करोग हमखास बरा करतो, अशी जाहिरात करणाऱ्यांपासून सावध राहावे. अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने मनाई आहे. कोणताही काढा किंवा भस्म देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, कारण काही पदार्थ चालू औषधांना बाधक ठरतात.

कायदा काय सांगतो

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशाला वैधता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. शुद्धीवर असलेली सज्ञान व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर असे लेखी निर्देश देऊ शकते. बरे होण्याची आशा उरली नसताना कृत्रिम श्वासयंत्रासारखे उपाय नकोत, असे त्यात लिहिता येते. आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, तेही नमूद करता येते. पुढे प्रत्यक्ष निर्णय रुग्णालयातील वैद्यकीय मंडळांच्या संमतीनेच होतो. याचा अर्थ रुग्णाचे प्राण घेणे असा नाही. त्याला आपला कायदा परवानगी देत नाही. कागद करण्यासाठी रुग्ण शुद्धीवर असावा लागतो, हे मात्र पुन्हा लक्षात घ्यावे.

डॉक्टरांकडे जाताना

पुढील प्रश्न एका कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरेही लिहून घ्यावीत.

१. निदान किती पक्के आहे? बायोप्सी आणि चाचण्या झाल्या आहेत का?
२. या उपचाराने आयुष्य वाढेल, की त्रास कमी होईल, की दोन्ही?
३. त्यासाठी किती दिवस रुग्णालयात आणि प्रवासात जातील?
४. उपचार घेतला नाही, तर पुढील काही आठवडे कसे असतील?
५. उपयोग होत नाही, हे केव्हा आणि कशावरून ठरवायचे?
६. घरी त्रास वाढल्यास कोणाला दूरध्वनी करायचा?

पाचवा प्रश्न विसरू नये. उपचार सुरू करताना तो कोठे थांबवायचा, याचा विचार झालेला असला, की थांबवणाऱ्याच्या मनावर अपराधाचे ओझे राहत नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांकडेही घराने लक्ष द्यावे. बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी रात्रंदिवस जागत असते. तिला आठवड्यातून काही तास तरी विश्रांती मिळेल, अशी पाळी घरातील इतरांनी लावून घ्यावी. मन फार खचले, तर टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

बंधू-भगिनींनो, या आजारात कोणताही मार्ग निवडला, तरी नंतर "दुसरा घेतला असता तर?" हा प्रश्न मनात येतोच. त्या वेळी आधार देणारी गोष्ट एकच असते: आपण त्यांना विचारले होते आणि त्यांनी सांगितले, त्याप्रमाणे वागलो. म्हणून आज घरी गेल्यावर आपल्या माणसाजवळ बसा आणि त्यांना काय हवे आहे, ते विचारा.



या पत्रिकेतील माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या रुग्णाच्या उपचाराबाबतचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.